ओरिजिनल कुठे आहे?

जनाज्याच्या नमाजआधी मय्यतच्या घरचं कुणीतरी पुढे उभं राहून सांगतं, मरहूमकडून कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू. कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात कुर्ल्यातल्या एका जनाज्याला मी तिसऱ्या सफेत उभा होतो. सांगणारा मुलगा ओळखीचा होता. जानेवारीत त्याच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग आम्ही केलं होतं आणि त्याच्या अब्बांकडून २५ हजार रुपये यायचे होते. मी गप्प राहिलो. अशा वेळी कोण बोलतं? शिवाय आमचं काम तरी कुठे पूर्ण झालं होतं. अब्बांचं आजारपण सुरू झालं, त्यांनी ‘जरा थांबा’ म्हटलं, आम्हीही फिल्म बाजूला ठेवली.

महिन्याभरानं तो मुलगा पाइप रोडवरच्या आमच्या खोलीवर आला. अब्बांच्या मोबाइलमध्ये त्याला माझा हिशोबाचा मेसेज सापडला होता. वारसांत वाटणी व्हायची तर आधी कफन-दफनाचा खर्च, मग देणं, मग वसियत आणि मग वारस, हा क्रम आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतो. त्यानं पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “भाई, फिल्म कधी मिळेल? अम्मीला ते इजाजतवालं बघायचंय.”

“आठ दिवसांत,” मी म्हटलं.

त्याच रात्री प्रोजेक्ट उघडला. आधी सगळंच लाल होतं, ते अपेक्षितच होतं. मर्दानी बाजूच्या दोन कॅमेऱ्यांचं फुटेज पाच मिनिटांत जोडलं गेलं. जनानी बाजूचं लालच राहिलं. हा लाल पडदा ज्यानं पाहिलाय त्यालाच त्याची भीती कळेल. प्रीमियरमध्ये ‘मीडिया ऑफलाइन’ हे दोन शब्द त्या लालवर जगातल्या कितीतरी भाषांत लिहिलेले असतात. मराठी त्यात नाही, उर्दूही नाही, पण अर्थ बरोबर पोहोचतो.

पुढचं समजायला आमचा धंदा थोडा सांगावा लागेल.

लग्नाच्या व्हिडीओच्या एडिटिंगला आमच्या लाइनीत अजून ‘मिक्सिंग’च म्हणतात. लोकांना वाटतं, कॅमेऱ्यात भरलेलं कॉम्प्युटरवर उघडायचं, कापायचं, गाणं लावायचं. आमचे कॅमेरे फोर-केमध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहितात, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले की साडेचारशे जीबी झाले, आणि वलीमा अजून बाकी असतो. पण खरी अडचण जागेची नाही. कॅमेरा प्रत्येक चौकट पूर्ण लिहीत नाही. एक पूर्ण लिहितो आणि पुढच्या कित्येक चौकटींत फक्त काय बदललं तेवढीच नोंद ठेवतो. त्यामुळे मधलीच एखादी चौकट दाखव म्हटलं की कॉम्प्युटरला मागचा-पुढचा सगळा हिशोब मांडावा लागतो. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चित्र अडखळतं, आवाज पुढे निघून जातो, आणि दुल्हा ‘कुबूल है’ म्हणायच्या आधीच पंखा रडायला लागतो.

त्यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी. कॉलेजात मित्राच्या नावावर ‘प्रेझेंट सर’ म्हणणाऱ्यालाही आपण प्रॉक्सीच म्हणतो, अर्थ तोच. मोठ्या फाइलच्या जागी त्याच लांबीची, त्याच टाइमकोडची हलकी फाइल हजेरी लावते. तिच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी रंग करायच्या आधी तिच्या जागी मूळ फाइल आणून बसवायची. या जोडणीला रीलिंक म्हणतात. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडीओ नसतोच, असतात ते फक्त पत्ते: अमुक फोल्डरमधली अमुक फाइल, अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंत. म्हणून सहा तासांच्या फिल्मचा प्रोजेक्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. आणि म्हणूनच फोल्डर हलला की सगळं लाल होतं.

ही काही कॉम्प्युटरची अक्कल नाही. माझे मामू फिल्मच्या जमान्यात एडिटिंग रूममध्ये असिस्टंट होते. तिथे निगेटिव्हला कुणी हात लावत नसे. तिच्यावरून रश प्रिंट काढायची, ती हवी तशी कापायची, चिकटवायची, ओरखडे पडले तरी चालायचे. निगेटिव्हच्या कडेला छापलेले आकडे रशवरही उमटायचे. सिनेमा बांधून झाला की ते आकडे वाचत निगेटिव्ह कापणारा मूळ फिल्म कापायचा, तीही एकदाच. चुकला तर गेला. मामू सांगायचे, तो माणूस कामाला बसला की खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नसे. आमच्याकडे कंट्रोल-झेड आहे, त्यामुळे आम्ही सगळेच मोठ्यानं बोलतो.

रीलिंकमध्ये सगळ्यात जास्त घात होतो तो नावामुळे. आमचे कॅमेरे पहिल्या क्लिपचं नाव ‘सी०००१’ ठेवतात. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या पहिल्या क्लिपचंही तेच, आणि नवं कार्ड घातलं की बरेचदा पुन्हा एकपासून. आमच्या गल्लीत एकाच नावाचे चार शेख आहेत. पोस्टमन बापाचं नाव विचारून पत्र देतो. सॉफ्टवेअर विचारलं तरच विचारतं. एकदा घाटकोपरच्या एका लग्नात मी घाईत फोल्डर दाखवून मोकळा झालो. फिल्म चालवून बघतो तर रुखसतीला दुल्हनची आई गळ्यात पडून रडतेय त्या जागी बावर्ची डेगचं झाकण उघडतोय. लांबी बरोबर, नाव बरोबर, गाणंही बरोबर बसलेलं. वाफ तेवढी जास्त होती.

ज्यांच्या बयानांचे व्हिडीओ आम्ही एडिट करतो त्या मौलानांना मी हा किस्सा सांगितला. ते हसले आणि म्हणाले, हे आमच्याकडे हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवलंय. हदीसची सनद तपासायची तर रावी कोण, त्यानं कुणाकडून ऐकलं, ते दोघे कधी भेटले होते का, हे बघावं लागतं. पण एकाच नावाचे, कधी बापाचं नावही तेच असलेले, दोन वेगळे रावी निघाले तर? एक भरवशाचा आणि दुसरा कच्चा असेल तर? या नावांसाठी खतीब बगदादींनी एक स्वतंत्र मोठा ग्रंथच लिहिलाय, ‘अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक’. म्हणजे नावात एक, माणसं वेगळी. बगदादी गेले १०७१ साली. मी त्या दिवसापासून कार्ड उतरवतानाच फाइलच्या नावाआधी लग्नाची तारीख, कॅमेऱ्याचं अक्षर आणि कार्डाचा नंबर लावायला लागलो. हे नाव प्रॉक्सी बनवण्याआधी लावायचं, नंतर लावलं तर काडीचा उपयोग नाही. आणखी एक सांगून ठेवतो, नव्या पोरांच्या कामी येईल: मूळ फाइलमध्ये ऑडिओचे चार चॅनल आणि प्रॉक्सीत दोन असतील तर प्रीमियर जोडायला साफ नकार देतो. आणि प्रॉक्सी बघून फोकस बरोबर आहे असं कधीही म्हणू नये. लहान चित्रात सगळेच चेहरे स्पष्ट दिसतात.

आता त्या लाल पडद्याकडे येतो.

आमच्याकडे जनानी बाजूचं शूटिंग एक मुलगी करते आणि त्याचं मिक्सिंग माझी बायको घरी, तिच्या लॅपटॉपवर करते. बऱ्याच घरांची ती अटच असते आणि मला ती योग्य वाटते. त्यासाठी आमचे काही नियम आहेत. जनानी कार्ड रात्रभर कॅमेऱ्यात किंवा बॅगेत पडून राहता कामा नये. उतरवलं की लगेच फॉरमॅट. उतरवणाऱ्यानं क्लिप उघडून बघायची नाही. लोकांच्या लेकी-सुनांची ती अमानत आहे.

लॅपटॉप दुबळा, म्हणून कॅमेऱ्यातच प्रॉक्सी चालू ठेवतो. कॅमेरा एकाच कार्डावर दोन फाइली लिहितो: ‘क्लिप’ फोल्डरमध्ये मूळ आणि ‘सब’ फोल्डरमध्ये तिची प्रॉक्सी, १२८० बाय ७२०, सेकंदाला ९ मेगाबिट. त्या रात्री हॉलवरून आलो तेव्हा दीड वाजला होता. दुल्ह्याकडच्यांना सकाळी टीझर हवा होता. मी भाच्याला म्हटलं, “आधी प्रॉक्सी उतरव, मामी फजरनंतर बसेल.” त्यानं ‘सब’ फोल्डर उतरवला. कार्डावर ८७ क्लिपा, डिस्कवर ८७ क्लिपा. मोजणी जुळली. क्लिप उघडून बघायची नाही हा नियम त्यानं पाळला. लगेच फॉरमॅट करायचा नियमही पाळला. मूळ फाइली ९० जीबीच्या आसपास असणार, उतरवलेल्या होत्या आठ. आकार बघ, असं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर वलीमा भरला गेला, काठोकाठ. डिलीट झालेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं रिकाम्या कार्डावर कधीकधी चमत्कार करतात. वर नवं लिहिलं गेलं की त्यांनाही काही मिळत नाही.

सात महिने हे कुणालाच कळलं नाही, आणि प्रॉक्सीची गोम हीच आहे. बायकोच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालत होतं. हसणं, मेंदी, दुल्हनच्या मैत्रिणी, सगळं. टीझर तर मोबाइलसाठीच होता, ७२० मध्येच गेला आणि सगळ्यांना आवडला. ओरिजिनल नसल्याचं प्रॉक्सी कधीच सांगत नाही. ते जोडायला जाल तेव्हाच कळतं.

जनानी खोलीत एकच कॅमेरा होता. निकाहआधी वकील आणि दोन गवाह दुल्हनची इजाजत घ्यायला आत जातात. इथे वकील स्वतः अब्बाच होते. (निकाहातला वकील हीसुद्धा एक प्रॉक्सीच म्हणायची, पण तिचं रीलिंक आधी होतं, मुलीचं ‘हो’ घेतल्याशिवाय काझीसाहेब पुढे जात नाहीत.) अब्बांनी मेहरची रक्कम सांगितली, दुल्ह्याचं नाव घेतलं आणि आयुष्यभर जिला ‘तू’ म्हटलं त्या मुलीला ‘आपको मंजूर है?’ असं विचारलं. खालाला बघायचं होतं ते एवढंच. दीड-दोन मिनिटं.

ओरिजिनल जाण्याची आमच्या घरातली ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी माझे अब्बा होते. त्यांचं व्हिडीओ शूटिंगचं दुकान तळमजल्यावर, मिठीपासून फार लांब नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी कुर्ल्यात घुसली. पाणी ओसरल्यावर दुकान उघडलं तर व्हीएचएसच्या मास्टर कॅसेटी चिखलात बुडालेल्या. वीस वर्षांची लग्नं होती ती. अब्बांनी काही कॅसेटी उघडून, धुऊन गच्चीवर वाळवल्या. टेप वाळली, चाललीही, पण चित्राच्या जागी नुसते पट्टे. त्यानंतर लोक त्यांच्या घरच्या कॉप्या घेऊन यायला लागले: सीडी करून द्या. कॉपीची कॉपी, रंग ओघळलेले, कडा थरथरणाऱ्या. अब्बा ती कॉपी हातात घेऊन म्हणायचे, “आता हीच मास्टर.” त्यांना ते बोलताना किती जड जात होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

आमचंच असं होतं असंही नाही. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, देशातला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांची मूळ रिळं जळाली. त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर करून ठेवलेल्या होत्या, म्हणून ते अजून बघायला मिळतात. एकदा ओरिजिनल गेलं की प्रॉक्सीची किंमत बदलते.

मी मात्र इतका शहाणा लगेच झालो नाही. आधी लपवायचा विचार केला. आजकाल लहान चित्र मोठं करून देणारी एआय सॉफ्टवेअरं मिळतात. बायकोनं त्या दीड मिनिटातला फक्त अब्बांच्या चेहऱ्याचा तुकडा वेगळा काढून मला दिला. मी तो रात्रभर मशीनवर लावला. सकाळी फोर-के तयार! दाढीचा केस न् केस वेगळा, टोपीवरचं नक्षीकाम चकाचक, डोळ्यांत चमक. मी खूश. ग्राहकाला काय कळणार आहे?

बायकोनं चहा ठेवला, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, “हे कोण?”

मी म्हटलं, कोण म्हणजे?

“यांच्या नाकाशेजारी तीळ होता. मी सात महिने हा चेहरा कापतेय.”

तीळ खरंच गेला होता. मशीनला तो डाग वाटला असणार. मग लक्ष देऊन बघितलं तर आजारपणानं डोळ्यांखाली आलेली सूजही गायब. सॉफ्टवेअरला ते अब्बा माहीत नव्हते. त्यानं जगभरच्या लाखो चेहऱ्यांवरून एक बरा चेहरा काढून तिथे बसवला होता. मौलानांच्या भाषेत सांगायचं तर मजकूर सुंदर, पण सनद तुटलेली. असा चेहरा मी त्या घरात नेणार होतो, आणि वर त्याचे २५ हजार घेणार होतो.

जुम्म्याच्या नमाजनंतर मुलाला मशिदीबाहेर गाठलं. सगळं सांगितलं, फोल्डरच्या नावापासून. चूक भाच्याची नाही, माझी आहे, हेही. तो बराच वेळ चपला शोधत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे काहीच नाही?” मी म्हटलं, आहे, पण लहान आहे. आणि आवाज पूर्ण आहे. अब्बांच्या शेरवानीच्या खिशात आम्ही छोटा रेकॉर्डर ठेवला होता. त्याची फाइल वेगळी उतरवली जाते, ती ओरिजिनल सुखरूप होती. पाकीट मी पुढे केलं. तो घेईना. देणं अब्बांचं होतं, ते फिटायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ठरलेलं काम दिलं नाही तर देणं कसलं? रस्त्यातच आमची हुज्जत झाली, दोन रिक्षावाले मध्ये पडायला आले. शेवटी मी १० हजार ठेवले, १५ त्याच्या खिशात कोंबले आणि त्याच्याकडून तोंडानं ‘माफ केलं’ असं वदवून घेतलं.

खाला इद्दतमध्ये होत्या, घराबाहेर पडायचा प्रश्न नव्हता. म्हणून बायकोच फिल्म घेऊन गेली. मोठ्या टीव्हीवर नको, लॅपटॉपवर दाखव, असं मी तिला चारदा बजावलं होतं. जनानी बाजू ७२० मध्येच ठेवली होती, कुठलीही जादू न करता. आवाज मात्र रेकॉर्डरचा जोडला होता, नीट साफ करून, पातळी बसवून. दोन तास मी खोलीवर काहीच काम केलं नाही.

संध्याकाळी बायको आली. मी विचारलं, चित्र खराब आहे म्हणाल्या का? ती म्हणाली, खराब कुठे आहे असं त्यांनीच विचारलं. तीन वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, “बेटा, ते आधी खोकले होते ना? दारातून आत आले आणि खोकले. सगळ्या बायका गप्प झाल्या त्यामुळे.”

खोकले होते. मीच कापलं होतं. साफ करताना खोकला, खाकरणं, खुर्ची सरकल्याचा आवाज आम्ही सवयीनं उडवतो.

मगरिबनंतर मशीन चालू केलं. रेकॉर्डरची फाइल जागेवरच होती. टाइमलाइनवर त्या क्लिपचं डावं टोक धरून मागे ओढलं. दार वाजल्याचा आवाज, बायकांची कुजबुज, मग खोकला. चार सेकंद. त्या चार सेकंदांचं चित्रही प्रॉक्सीत होतं: दारात उभे अब्बा, तोंडावर रुमाल धरलेला. बायको शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आता पुढचं काही कापू नकोस.” मी एक्सपोर्टला लावलं.